चांदी गेली, कचेरी गेली

टूसॉनहून निघताना भाचा म्हणाला, "मामा, टूमस्टोनला सगळे बंदुकांचे खेळ बघायला जातात. तुम्ही कचेरी कसली बघताय?" जन्म मामलेदार कचेरीत कारकुनी करण्यात गेला, मला दुसरं काय सुचणार?

ॲरिझोनाच्या त्या कोपऱ्यात रस्त्याला सोबत काटेरी झुडपांची आणि दूरच्या ड्रॅगून डोंगरांची. अपाची नायक कोचीस त्या डोंगरांतच कुठेतरी पुरलेला आहे. जागा त्याच्या माणसांनी उघड केली नाही. १८७४ मध्ये तो गेला. सातच वर्षांनी, १ फेब्रुवारी १८८१ रोजी, पिमा काउंटीचा पूर्वेकडचा भाग तोडून नवी काउंटी केली, आणि नाव दिलं कोचीस! ज्याच्याशी वर्षानुवर्षं लढले, त्याचंच नाव सरकारी दप्तरावर.

काउंटी हवी होती चांदीमुळे. १८७७ मध्ये एड शेफलिनला टूमस्टोनच्या जागी चांदी लागली, माणसं लोटली, आणि प्रत्येक नोंदीला, खटल्याला टूसॉन गाठणं परवडेना. १८८२ मध्ये क्रुसाच्या आकाराची लाल विटांची दुमजली कचेरी उभी राहिली. शेरीफ, खजिनदार, तुरुंग, वर कोर्टाची खोली, सगळं एका छपराखाली.

मागच्या अंगणात फाशीचा सांगाडा उभा आहे. काउंटीतल्याच बिस्बी गावच्या दरोड्यात माणसं मारली म्हणून १८८४ च्या मार्चमध्ये पाच जणांना एकदमच फाशी दिली. सहावा जॉन हीथ. त्याला फाशी नाही, कैद झाली होती. जमावाला ते रुचलं नाही. फेब्रुवारीतच त्याला याच तुरुंगातून ओढून नेऊन तारेच्या खांबाला लटकवलं. भिंती विटांच्या असल्या तरी कायदा अजून ओलाच होता.

पुढे खाणींत पाणी शिरलं, १८८६ मध्ये मोठे पंप आगीत गेले, गाव ओसरलं. तिकडे बिस्बीत तांबं निघत होतं. १९२९ मध्ये लोकांनी मत देऊन काउंटीचं ठिकाण तिकडे हलवलं. रिकाम्या इमारतीत कुणी हॉटेल काढायला निघालं, तेही तडीस गेलं नाही. १९५९ पासून ती सरकारी संग्रहालय आहे. कचेरीत शिरायला तिकीट काढलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी घाट चढून बिस्बीला पोचलो. १९३१ ची, सरळ रेषांची गोरटेली कचेरी उतारावर उभी. जवळच तांब्याचा मुलामा दिलेला खाणकामगाराचा पुतळा. तांब्याच्या खाणीही १९७० च्या दशकात बंद पडल्या. गावाबाहेर उरलाय तो प्रचंड खड्डा. पण कोर्ट अजून भरतं. पायऱ्यांवर एक म्हातारा काखेत फाईल घेऊन उभा होता. त्यानं मला काहीतरी विचारलं. मला धड कळलं नाही, पण हात आपसूक दाराकडे गेला: आत, खिडकीवर विचारा.