उठवलेल्या वस्तीचे संग्रहालय

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरी जाणारे प्रवासी टेबल माउंटनचा सपाट माथा पाहतात, नेल्सन मंडेलांना जिथे डांबून ठेवले होते ते रॉबेन बेट पाहतात आणि परततात. वाचकहो, आपल्यापैकी कुणाला तिकडे जाण्याचा योग आलाच तर बाइटेनकान्त रस्त्यावर अवश्य जावे. तिथे पोलीस ठाण्यासमोर मेथॉडिस्ट पंथाचे एक जुने चर्च आहे. वर्णभेदी राजवटीत पोलिसांच्या लाठीतून सुटलेले निदर्शक याच चर्चच्या आश्रयाला येत. १० डिसेंबर १९९४ पासून या इमारतीत डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय आहे. पहिले प्रदर्शन अवघ्या काही आठवड्यांसाठी मांडले होते. लोकांनी ते उठू दिले नाही.

डिस्ट्रिक्ट सिक्स म्हणजे शहराचा सहावा विभाग. १८६७ साली नगरपालिकेने दिलेले हे रुक्ष नाव. पण वस्ती मोठी जिवंत! गुलामीतून सुटलेल्यांची लेकरे, मलायी मुसलमान, आफ्रिकी मजूर, युरोपातून आलेले यहुदी, हिंदुस्थानी दुकानदार अशी सगळी माणसे दाटीवाटीने राहत. आपल्या रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुसलमान कुटुंबेही पोटासाठी याच केपटाऊनला गेली आणि तिथलीच झाली. बंदर जवळ, शहर जवळ, म्हणून कष्टकऱ्याला ही जागा सोयीची होती. नेमकी तीच सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपली.

१९०१ साली प्लेगच्या निमित्ताने आधी काळ्या आफ्रिकी लोकांना तिथून हलवले. पुढे ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’खाली हा सारा भाग गोऱ्यांसाठी राखीव ठरला. वस्ती गलिच्छ आहे, गुन्हेगारांची आहे, असे कारण पुढे केले गेले. त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे केप फ्लॅट्सच्या वाळूच्या माळावर नेऊन टाकली. तीही रंग पाहून, शेजाऱ्यापासून शेजारी तोडून. घरांवर बुलडोझर फिरले. उभी राहिली ती काही चर्चे आणि मशिदी. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना यातला अपमान समजावून सांगण्याची गरज नाही.

नूर इब्राहिम यांचे आजोबा सुरतेहून तिकडे गेलेले. नूर स्वतः याच वस्तीत वाढले आणि पुढे संग्रहालयात वाटाडे म्हणून पाहुण्यांना तिची कहाणी सांगत आले. त्यांच्याकडे पाळलेली कबुतरे होती. घर सुटल्यावर त्यांनी ती नव्या घरी नेली, काही महिने खुराड्यात ठेवून सवय लावली आणि मग सोडली. संध्याकाळी एकही परतले नाही. दुसऱ्या दिवशी नूर जुन्या घराच्या बाजूने गेले, तर पाडलेल्या घराच्या मोकळ्या जागेवर सगळी कबुतरे बसलेली!

संग्रहालयात शिरताच पायाखाली त्या वस्तीचा भला मोठा नकाशा लागतो. त्यावर पारदर्शक आवरण आहे. जुने रहिवासी खाली वाकून आपली गल्ली शोधतात आणि घर होते तिथे स्वतःच्या हाताने नाव लिहितात. वर छतातून रस्त्यांच्या जुन्या पाट्या लोंबतात. या पाट्यांची हकिकत चमत्कारिक आहे. पाडकामाच्या मुकादमानेच त्या मोडीत न काढता आपल्या घरी जपून ठेवल्या होत्या. पाडणाऱ्या हातालाही काहीतरी बोचत असावे, एवढेच आपण म्हणू शकतो.

आमच्या भगिनींनी पाहावे ते मात्र एक लांबच लांब सुती कापड. आलेला रहिवासी त्यावर पेनाने आपली आठवण लिहितो आणि मागाहून त्या अक्षरांवर सुईदोऱ्याने भरतकाम होते. वेडेवाकडे अक्षर वेडेवाकडेच भरले जाते, कुणी ते सुधारत नाही. ‘हाइस कोम्बाइस’, म्हणजे घरचे स्वयंपाकघर, नावाच्या उपक्रमात वस्तीतल्या बायाबापड्या एकत्र बसत, पाककृती कापडावर भरत आणि कोणत्या वारी कुणाच्या चुलीवर काय शिजे ते आठवत. टोमॅटो घातलेला मटणाचा रस्सा, रविवारी सकाळी पाकात बुडवलेले मसालेदार कोसिस्टर, ईस्टरला आंबट मसाल्यात मुरवलेले मासे. हे मासे ख्रिस्ती घरात होत तसेच मुसलमान घरातही. २०१६ साली या आठवणींचे पुस्तक निघाले. सरकारी कागदांत ज्या बाईचे नाव कुठेच नव्हते, तिच्या हातची चव अशी नोंदवली गेली. मला तर हा उपक्रम कित्येक भाषणांपेक्षा मोलाचा वाटला.

दर वर्षी ११ फेब्रुवारीला जुने रहिवासी मुलानातवंडांना घेऊन जमतात. जुन्या हॅनोव्हर रस्त्याच्या जागेपर्यंत पायी जातात आणि एकेक दगड ढिगावर ठेवतात. हाच त्यांचा वार्षिक मेळावा. कुणी हसते, कुणी रडते, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे शेजारी एकमेकांना टोपणनावाने हाक मारतात.

हे सारे नुसते आठवणी उगाळणे नव्हे. १९९७ साली जमिनीच्या हक्काचा निवाडा करणाऱ्या न्यायालयाचे कामकाज याच संग्रहालयात चालले. जमिनीवरच्या नकाशात नाव लिहिणारी माणसे तिथेच दावेदार म्हणून बसली होती. ११ फेब्रुवारी २००४ रोजी ऐंशी ओलांडलेल्या दोघा रहिवाशांना, इब्राहिम मुराट आणि डॅन न्झाबेला यांना, मंडेलांच्या हस्ते नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोठा सोहळा झाला. नंतरचे काम मात्र कासवाच्या गतीने चालले. दावेदारांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. टप्प्याटप्प्याने काही घरे झाली, तोवर कित्येक म्हातारी माणसे वाट पाहतच गेली. आजही त्या उतारावर मोकळी, गवत माजलेली जमीन दिसते.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘आम्ही सारे गुण्यागोविंदाने राहत होतो’ हे वाक्य तिथे वारंवार कानी पडते. खरे तर दाटी होती, गुंडांच्या टोळ्या होत्या, घरमालक डागडुजी करीत नसत. आणि सर्वांत आधी हाकललेले आफ्रिकी या गोड आठवणीत सहज मागे पडतात. संग्रहालयाने त्यांनाही जागा दिली, हे बरे केले. नोम्वुयो न्गसेल्वाने या आफ्रिकी लेखिकेच्या नावाने तिथे एक खोली मांडली आहे. एका खोलीत स्वयंपाक, झोपणे, पाहुणे, सारेच! आपल्या चाळीत वाढलेल्याला ती खोली परकी वाटणार नाही.

सरकारने या भागाला झोनेब्लूम असे नाव दिले होते. २०१९ साली डिस्ट्रिक्ट सिक्स हे नाव अधिकृतपणे परत आले.

जाणाऱ्याने शक्यतो फेब्रुवारीतच जावे. तेव्हा तिकडे कडक उन्हाळा असतो, म्हणून टोपी आणि पाणी बरोबर घ्यावे. आणि आत गेल्यावर काचेतल्या वस्तू पाहत बसण्यापेक्षा नकाशाजवळ एखादी म्हातारी बसलेली दिसली, तर तिच्याशी आधी बोलावे.