तांदुलाचे पाणी

गेल्या डिसेंबरात मुलांना घेऊन भिलाईस गेलो होतो. माझे बालपण तेथील कारखान्याच्या वसाहतीत गेले. वडील झोतभट्टीवर नोकरीस होते. थंडीच्या दिवसांत एखाद्या सुटीस ते आम्हाला बालोदजवळच्या तांदुला जलाशयावर नेत. भिलाईपासून सुमारे साठ किलोमीटर. आई दशम्यांचा डबा बांधून घेई आणि आम्ही दिवसभर पाण्याकाठी रमत असू. ती जागा मुलांना दाखवावी, एवढाच या प्रवासाचा हेतू.

बालोद २०१२ मध्ये दुर्गपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले आहे. जलाशय मात्र तसाच आहे. बांधावर उभे राहिले की नजर पोहोचेल तेथवर पाणी, काठाशी ध्यानस्थ बगळे आणि खाली कापणी झालेली धानाची शेते.

"बाबा, हे पाणी कोणाचे?" मुलीने विचारले.

मी इतिहास सांगू लागलो. तांदुला आणि सुखा या प्रवाहांवरील हे धरण ब्रिटिश अमदानीत शेतीसाठी बांधले गेले. पुढे भिलाईत पोलाद कारखाना आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीचे कवच सतत पाण्याने थंड ठेवावे लागते. म्हणून येथील पाण्यात कारखान्यालाही वाटा मिळाला.

"म्हणजे आजोबांच्या भट्टीने शेतकऱ्यांचे पाणी घेतले?" मुलाने विचारले.

मी निरुत्तर झालो, कारण हा प्रश्न मला परका नव्हता. काही वर्षांपूर्वी, एका टंचाईच्या उन्हाळ्यात, पाणी आरक्षणाच्या बैठकीत मी पिण्याचे पाणी आणि उद्योगांचा वाटा राखून शेतीचे शेवटचे आवर्तन रद्द करण्याची शिफारस केली होती. टिप्पणी नियमानुसार होती. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे एक वृद्ध शेतकरी दोन दिवस कार्यालयाबाहेर बसून होते. "साहेब बैठकीत आहेत" हे उत्तर त्यांना माझ्याच सांगण्यावरून दिले गेले. निर्णय कदाचित बदलला नसता; पण त्यांचे म्हणणे ऐकून घेणे माझ्या हाती होते.

मुलांना मी तेही सांगितले. क्षणभर शांतता पसरली. मग मुलगी म्हणाली, "आता ते आजोबा कुठे असतील?"

मला ठाऊक नव्हते. धारिकेत त्यांचे नावदेखील नव्हते. केवळ 'लाभक्षेत्रातील शेतकरी' अशी नोंद होती.

ज्या कारखान्याच्या पगारावर मी शिकलो, त्याच्या पाण्याचे ऋण मी नाकारू शकत नाही. पाणीवाटपात कोणाला तरी कमी मिळणारच. मात्र ज्याला कमी मिळणार आहे, त्याला समोर बसवून तसे सांगण्याचे धैर्य प्रशासनाने दाखवले पाहिजे. हा नियम कोणत्याही परिपत्रकात नाही. परतल्यावर तो मी स्वतःपुरता घालून घेतला आहे.