मोहाचा लाडू

मनुष्याची जीभ मोठी अभिमानी असते. बालपणी जे तिला मिळाले तेवढेच अन्न, बाकीचे सारे विचित्र, असा तिचा निवाडा असतो. या निवाड्याच्या भयाने शाळकरी वयात आमच्या हातून एक अपराध घडला. त्यास आज चाळीस वर्षे होत आली. तरी या अंकाच्या विद्यार्थी व पालक वाचकांपुढे तो मांडावा, असे फार दिवस मनात होते.

आमचे मूळ गाव चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही. भोवती धानाच्या बांध्या, मधून मधून तलाव व बोड्या, आणि त्यांपलीकडे साग, बांबू व मोह यांचे रान. आमच्या घरचे निम्मे स्वयंपाकघर त्या रानातच होते म्हणा ना! पावसाळा लागला की बांबूचे कोवळे कोंब, ज्यांस आमच्याकडे वास्ते म्हणतात, ते बारीक चिरून, उकडून, कडू पाणी काढून टाकून त्यांची भाजी होई. वारुळांच्या आसपास सात्या नावाच्या छत्र्या उगवत. त्यांचा रस्सा ज्या दिवशी असे, त्या दिवशी भात नेहमी कमी पडे. तरोट्याचा कोवळा पाला तर कुंपणाशीच मिळे.

उन्हाळ्यात शेजारच्या गोंड कुटुंबातील काकी लाल मुंग्यांची चटणी आणून देत. या मुंग्या आपल्या अळ्यांच्या रेशमाने झाडाची हिरवी पाने शिवून घरटे करतात. ते घरटे उतरवून, मुंग्या व त्यांची अंडी मीठमिरचीबरोबर वाटली की झाली चटणी. मुंगीच्या अंगच्या आम्लामुळे तिला लिंबासारखी आंबट चव येते. पलीकडे बस्तरात हिलाच चापडा म्हणतात.

परंतु या सर्वांचा राजा म्हणजे मोह. फाल्गुन-चैत्रात त्याची पिवळसर, मांसल, मधाने भरलेली फुले रात्रभर गळत राहतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. आमची आजी ती वेचून अंगणात वाळवी. वाळली की ती मनुकांसारखी तांबूस व सुरकुतलेली दिसत. मग ती भाजून, तिळाबरोबर उखळात कांडून आजी लाडू वळी. त्या लाडवांचा वास घरात सुटला की आम्हा भावंडांस अभ्यास सुचत नसे.

पुढे शिक्षणासाठी आम्हांस दूरच्या शहरी वसतिगृहात ठेवण्यात आले. एके रविवारी गावाकडील एक गृहस्थ डबा घेऊन आले. त्या काळी सिंदेवाहीवरून गोंदिया-चांदा मार्गाची छोटी आगगाडी धावत असे. तिने व पुढे मोठ्या गाडीने प्रवास करून तो डबा आमच्यापर्यंत पोहोचला होता. वर मोहाचे लाडू, तळाशी पळसाच्या पानात बांधलेली मुंग्यांची कोरडी चटणी. सोबत्यांनी मोठ्या उत्सुकतेने डबा उघडला. एकाने लाडू हुंगून म्हटले, “अरे, हे तर दारूचे लाडू!” दुसऱ्याने पळसाचे पान उलगडले मात्र, आणि खोलीत एकच हशा पिकला. “मुंग्या खातोस? मग उद्या काय खाशील?”

त्या क्षणी आम्ही काय बोललो ते सांगताना आजही मान खाली जाते. आम्ही म्हणालो, “हा डबा आमचा नव्हे. गड्याच्या घरचा चुकून आला असावा.” आणि दिवेलागणीच्या वेळी विहिरीमागे जाऊन आम्ही तो रिकामा केला.

आमच्या खोलीत कोकणातला एक मुलगा होता. महिन्यापूर्वी त्याच्या घरून सुके बोंबील आले असता नाक दाबून प्रथम हसणारे आम्हीच होतो. त्या रात्री तो हळूच आमच्या खाटेजवळ आला व म्हणाला, “टाकलेस ना? एक तरी मला द्यायचा होतास. तुम्ही सगळे हसलात, तरी आईने दिलेले बोंबील माझ्याने टाकवले नाहीत. दिवे गेल्यावर पांघरुणात बसून खाल्ले.” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो तेव्हा मोहाचा बहर अजून पुरता सरला नव्हता. आजीने पहिलाच प्रश्न केला, “लाडू सोबत्यायले देल्लास का रे, बाबू?” आम्ही सांगितले की सर्वांस फार आवडले. म्हातारी इतकी हरखली की यंदा जास्त फुले वेचण्याचा तिने निश्चयच केला. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच ती टोपली घेऊन निघाली. आम्हीही सोबत गेलो.

त्या पहाटे प्रथमच आम्हांस लाडवाची किंमत कळली. आमचे रान वाघाचे रान आहे. वेचणाऱ्या बाया एकट्या जात नाहीत. मोठमोठ्याने बोलतात, मधूनच हाक देतात, वाकून चार फुले उचलली की मान वर करून झाडीकडे पाहतात. हे भय कल्पनेतले नव्हे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही परिसरात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ही वार्ता वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे वाकलेली आजीच उभी राहिली.

एक एक फूल उचलून टोपली भरण्यास ऊन वर आले. मग आमच्याने राहवेना. झाडाखाली बसूनच आम्ही तिला सारे खरे सांगितले. ती थोडा वेळ फुले निवडीत राहिली. नंतर एवढेच म्हणाली, “त्या दिवशी भूक नसन लागली तुले.” तिने रागे भरले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर लोकांच्या हसण्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. श्रीखंडावर पेरलेली चारोळी अशाच रानातून येते. तिला कोणी हसत नाही. बाळंतिणीस मोठ्या कौतुकाने देतात तो डिंकाचा लाडू म्हणजे झाडाच्या सालीतून पाझरलेला चीकच की नाही? एकादशीस चालणारा बटाटा आपल्याकडे समुद्रापलीकडून आला. त्याच बटाट्याच्या लागवडीस फ्रान्समध्ये १७४८ साली बंदी झाली होती. तो खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळा पॅरिसच्या वैद्यांनी १७७२ साली दिला. फ्रेंच लोक गोगलगाई आवडीने खातात. बाप्तिस्मा करणारा योहान टोळ व रानमध खाऊन राहत असे, हे तर पुष्कळांस ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात. आणि ज्या चटणीची आम्हांस लाज वाटली, तशाच ओडिशातील मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीस जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले!

परंतु मानांकन मिळाले म्हणून ती खाद्य झाली, असे मात्र कोणी समजू नये. ती आधीही अन्नच होती. आम्ही हसतो ते बहुधा पदार्थास नव्हे. तो खाणाऱ्याच्या गरिबीस, त्याच्या रानास, त्याच्या बोलीस हसतो. चारोळी शहराच्या दुकानातून येते म्हणून ती मेवा, आणि मोह आजीच्या टोपलीतून येतो म्हणून तो हसण्याचा विषय, एवढाच भेद.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येकाने प्रत्येक पदार्थ खाल्लाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. रानातील अनोळखी छत्री तर जाणत्या माणसाने दाखविल्यावाचून तोंडात घालूच नये. त्यांत विषारी जाती असतात. पण सोबत्याचा डबा उघडेल तेव्हा नाक दाबण्यापूर्वी तो कोणी भरला असेल याचा क्षणभर विचार करा. आणि पालकांस विनंती ही की, मुलगा घरचा खाऊ नेण्यास लाजू लागला तर रागावू नका. त्यास एकदा तो पदार्थ जेथे उगवतो तेथे घेऊन जा.

आजी आता नाही. मोहाचे लाडू आमच्या घरी आजही होतात, जरी तिच्यासारखे वळत नाहीत. दर चैत्रात त्यांचा एक डबा कोकणात जातो, आणि तोच डबा सुक्या बोंबलांनी भरून परत येतो.