मनी उदास होती की आजारी?

आई गेल्यावर भायखळ्याच्या घरी आमची मनी तिच्या पलंगाखालून बाहेर येईना. अंग चाटणं बंद, खाणंही बंद. ‘दुःख झालंय, सावरेल,’ असं म्हणत मी डॉक्टर असूनही दोन दिवस घालवले. शेवटी परळच्या बाई साकरबाई रुग्णालयात नेलं, तेव्हा दुखरी दाढ सापडली. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी तपासणी करा. घरातली गोळी मात्र देऊ नका; पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

दाढ बरी झाली, तरी मनी गप्पच होती. तिला ओढून बाहेर काढलं नाही. टोपलीत आईची साडी अंथरली, ठरल्या वेळी कोमट मासे दिले, रोज थोडा वेळ दोरीशी खेळवलं. काही आठवड्यांनी ती आपणहून खिडकीत येऊन बसली.