आधी विचारलं, म्हणून

माझ्या उजव्या गुडघ्यावर ज्यांचं ऋण आहे, त्यातल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही. ती स्वीडनमधली 121 तरुण माणसं आहेत. 18 ते 35 वयाची, खेळणारी, माझ्यासारखाच गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटलेली. लगेच शस्त्रक्रिया करायची, की आधी व्यायाम करून बघायचा आणि लागलीच तर नंतर शस्त्रक्रिया, हे प्रत्येकाच्या बाबतीत चिठ्ठी टाकून ठरवावं तसं ठरणार होतं. त्यांनी ते मान्य केलं. 2010 साली निष्कर्ष छापून आले. आधी व्यायाम करणाऱ्या 59 जणांपैकी 23 जणांनीच दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

कबड्डीच्या सामन्यात चढाई करून मध्यरेषेकडे वळताना कोपऱ्यातलीनं माझा घोटा धरला आणि गुडघा आतल्या आत फिरला, तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ताबडतोब ऑपरेशन. थांबता येतं, हे सांगितलं फिजिओ मॅडमनी. हे आकडे त्यांनी माझ्या फाइलच्या पाठीवर लिहून दाखवले. शस्त्रक्रिया पुढे झालीच, पण मांडीत ताकद आल्यावर आणि मला सगळं समजल्यावर.

मॅडमचं खरं ऋण याहून मोठं आहे. कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांवर त्यांना अभ्यास करायचा होता, आणि नैतिकता समितीकडे कागद पाठवण्याआधी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "यात काय राहिलंय ते तू सांग. तुला जे कळतं ते मला पुस्तकात मिळणार नाही."

हाताशी होती ती 1998 सालची, जगभर वापरली जाणारी प्रश्नावली. मोजे घालताना किती त्रास होतो? बाथटबमध्ये उतरताना? गाडीत बसताना? मी मातीच्या मैदानावर अनवाणी वाढलेली, चाळीत राहणारी मुलगी. मी म्हटलं, मॅडम, पंगतीत मांडी घालून बसता येतं का ते विचारा. उकिडवं बसून कपडे धुता येतात का, चाळीच्या संडासात बसून उठता येतं का, ते विचारा. पाळीचं विचारा, आणि ते विचारायला बाईच पाठवा. नोकरीचंही विचारा. आमच्यातल्या कितीतरी जणी खेळाच्या कोट्यातून रेल्वेत नाहीतर पोलिसांत लागायची वाट बघत असतात. त्या दुखणं लपवतात, कारण निवड चाचणी चुकली तर पुढची कधी, कुणास ठाऊक.

इथे मॅडमचं पेन थांबलं. "लपवलेलं मोजायचं कसं?" आम्ही दोघींनी दुपारभर त्यावर डोकं लावलं. शेवटी ठरलं, की प्रशिक्षक आजूबाजूला नसताना, कागदावर नाव न घालता विचारायचं. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं होतं. त्या दुपारी मात्र माझं वाक्य जसंच्या तसं अभ्यासाच्या आराखड्यात गेलं. इतका मान मला कुठल्याही चषकानं दिलेला नाही.

भीतीचं मी सर्वांत शेवटी बोलले. गुडघा बरा झाला होता, पण बचावाची साखळी समोर दिसली की मी मागे फिरायचे. मॅडम म्हणाल्या, हे तुझं एकटीचं नाही. 2014 साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले, त्यात या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धेत परतलेले जेमतेम 55 टक्के होते. मनाची ही तयारी मोजायला ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये 12 प्रश्नांची मोजपट्टी केली आहे. वर्षभर मी ज्याला माझा भित्रेपणा समजत होते, त्याच्यावर कुणी तरी मन लावून काम केलं होतं, हे ऐकून मला रडू आलं.

असं आधी विचारणं इतर देशांत बरंच रुजलं आहे. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना कशावर संशोधन हवं आणि प्रत्यक्षात कशावर होतं, हे ताडून पाहिलं. तो 2000 साली लॅन्सेटमध्ये आला. संशोधनात औषधांचाच भरणा होता. रुग्णांना हवी होती सांधेबदलाची आणि दुखणं सांभाळून जगण्याची माहिती. 2004 मध्ये तिथे जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली. रुग्ण, त्यांच्या घरचे आणि डॉक्टर एकत्र बसून, कुठले प्रश्न आधी हातात घ्यावेत ते ठरवतात. अशा बैठकीत माझ्या आईला बसवायला हवं. कामावरून आल्यावर रोज माझ्या गुडघ्यावर बर्फ धरणारी ती. तिच्यापाशी डॉक्टरांना न सुचलेले प्रश्न आहेत.

माझ्यापाशीही एक आहे. खेळ सोडलेल्या मुलींच्या गुडघ्यांचं चाळिशीत काय होतं? एसीएल तुटलेल्या गुडघ्याला संधिवात लवकर गाठू शकतो, हे माहीत आहे. पण संघातून बाहेर पडलेली, लग्न होऊन गावी गेलेली मुलगी कुठल्या यादीत सापडणार? मॅडमना मी हे सांगितलं आहे. पुढच्या बैठकीला माझ्या जुन्या संघातल्या दोघी येणार आहेत, आणि त्यांतली एक आता साताऱ्याजवळच्या गावात शेती करते.