दारांना पत्ता असलेली वखार

स्कॉटलंडमधल्या एडिनबरात, लीथ बंदराकडच्या एका वखारीत शिरलो तेव्हा वाटलं, एखादी आळीच्या आळी मोडून कुणीतरी इथे नीट रचून ठेवली आहे. भिंतीला टेकून दारं, शे-दोनशे तरी असावीत. चार तावदानांची, सहा तावदानांची, रंगाचे पाच-सहा थर चढलेली. पलीकडे खिडक्यांच्या आतल्या बाजूच्या घडीच्या झडपा, जिन्याचे कठडे, पितळी मुठी, रंगीत काचेची तावदानं आणि बिडाच्या शेकोट्या. एका शेकोटीच्या मागच्या अंगाला ‘कॅरन’ अशी ओतीव अक्षरं होती. फॉल्कर्कजवळ १७५९ साली सुरू झालेला हा बिडाचा कारखाना.

आश्चर्य वस्तूंचं नव्हतं. जुन्या लाकडाचे ढीग आपल्याकडेही आहेत, जोगेश्वरीला ओशिवऱ्यात आहेत, मुंबईच्या चोर बाजारात आहेत. आश्चर्य होतं ते चिठ्ठ्यांचं. बहुतेक दारांना दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आणि तिच्यावर रस्त्याचं नाव, मजला, उंची-रुंदी, घराचा अंदाजे काळ. दार कुठल्या खोलीचं, हेसुद्धा काहींवर होतं.

मला तिथे घेऊन गेलेल्या भाच्याने मालकीणबाईंना माझ्या वतीने विचारलं, एवढं लिहून ठेवायचं कशासाठी? त्यांनी सांगितलेलं कारण रोकडं होतं. एडिनबराचा जुना आणि नवा असे दोन्ही भाग १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वारसा म्हणून नोंद झालेल्या घराचं मूळ दार सडलं तर त्या जागी त्याच काळाचं, त्याच घडणीचं दार शोधावं लागतं. पत्ता आणि काळ माहीत असलेलं दार म्हणूनच लगेच जातं. ज्याचा ठावठिकाणा हरवला, ते नुसतं लाकूड.

एका कोपऱ्यात लांबलचक जाड फळ्या होत्या. कुठल्याशा शाळेची प्रयोगशाळा मोडली तेव्हा निघालेली टेबलं. भाच्याने हात फिरवला आणि म्हणाला, ‘मामा, हे आपलं सागवान.’ खरंच सागवान होतं. घासलेल्या जागेचा वास ओळखीचा आला. चिठ्ठीवर शाळेचं नाव होतं, साल होतं. कुठल्या जंगलातून आलं, ते मात्र नव्हतं.

शहरात जुन्या चित्रांची दुकानंही पाहिली. वनस्पतींची हाताने रंगवलेली चित्रं तिथे सुटी विकतात. ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ हे नियतकालिक १७८७ पासून निघतं आणि १९४८ पर्यंत त्यातलं चित्र न् चित्र हाताने रंगवत असत. जुने खंड फोडून त्यातली पानं चौकटीत बसवतात आणि दिवाणखान्यात लावतात. देखणी असतात, पण पुस्तकातून सुटलेलं पान आपल्या मजकुराला कायमचं मुकतं, हे पाहून मला वाईट वाटलं.

खरा धक्का पुढे होता. इनव्हर्लीथला एडिनबराचं रॉयल बोटॅनिक गार्डन आहे, १६७० साली स्थापन झालेलं. तिथल्या ग्रंथालयात आधी पत्र पाठवून वेळ घेतली होती. टेबलावर जी चित्रं मांडली गेली, त्यांच्या संचाला तिथे ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ म्हणतात. दापुरी म्हणजे आपली पुण्याची दापोडी! मुळा-पवनेच्या संगमाजवळची, लोकलच्या स्टेशनाची दापोडी.

दापोडीला कॅप्टन फोर्ड नावाच्या अधिकाऱ्याचा मोठा बंगला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये तो सरकारसाठी घेतला आणि तिथे वनस्पती उद्यान उभं राहिलं. पुढे त्याचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. जुन्नरजवळ हिवऱ्याला औषधी वनस्पती लावून घेणारा हाच, आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षकही हाच. कोकणातली जंगलं अशीच तुटत राहिली तर खाड्या गाळाने भरतील, असं तो सरकारला लिहून कळवत होता. खाडीकाठच्या पनवेल तालुक्यातून गेलेल्या मला ते वाचताना जागीच थांबावं लागलं. एडिनबरात जन्मलेल्या निकोल डाल्झेलबरोबर त्याने लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली मुंबईत छापला गेला.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सनने दापोडीच्या बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. काही झाडं सह्याद्रीतली, काही दूरच्या खंडांतून आणून रुजवलेली. पानाची प्रत्येक शीर जिथल्या तिथे, हिरव्याच्या कितीतरी छटा. पावणेदोनशे वर्षांनीही रंग ताजे होते. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने २००२ मध्ये या संचावर पुस्तक लिहिलं, त्यामुळे जगाला ही चित्रं कळली.

पण ज्याने ती काढली त्याचं नाव कुठेच नाही. पोर्तुगीज-भारतीय चित्रकार, एवढीच ओळख उरली आहे. झाडाचं लॅटिन नाव आहे, बागेचं आहे, साहेबाचं आहे. उन्हात फूल कोमेजायच्या आत कुंचला चालवणाऱ्या त्या माणसाचं नाव लिहावं, असं कुणाला वाटलं नाही. वखारीतल्या चिठ्ठ्या मला तेव्हा पुन्हा आठवल्या. त्यांच्यावरही रस्ता होता, मजला होता, सुतार नव्हता. इतक्या काळजीने जपणाऱ्या शहरातही घडवणारे हात सुटलेच आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

पनवेलजवळच्या आमच्या करंजाडेत तर पत्ताही लिहिला जात नाही. इथे दहा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत, सिडकोचे आखीव सेक्टर आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोंबडभुजे, तरघर, उलवे अशी दहा गावं उठली आणि त्यांतल्या अनेक कुटुंबांना आमच्या लगत वडघर-करंजाडे पट्ट्यात भूखंड मिळाले. गाव उठतं तेव्हा कौलं, वासे, तुळया, चौकटी, उंबरे, झोपाळ्याच्या कड्या असं सगळंच निघतं. ते कुणीतरी वजनावर नेतं. पनवेलात जुने वाडे पडतात तेव्हाही हेच. कोरलेली गणेशपट्टी एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर जाऊन बसते आणि कोणी विचारलं तर ‘गुजरात साइडची असेल’ असं उत्तर मिळतं. कधीकाळी पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं, जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. इतकं लाकूडकाम जाणणारे हात ज्या गावात होते, तिथल्या चौकटींना असं बेवारस फिरावं लागू नये.

घरं पाडू नका, असं मी म्हणणार नाही. माणसांना पक्की घरं हवीत, मीही तशाच घरात राहतो. पण तुमच्या किंवा मामाच्या गावचं जुनं घर उतरवायचं ठरलं असेल, तर पहिलं कौल काढण्याआधी फोटो काढा. दार आणि चौकट मोजा. गाव, आळी, घराणं, बांधल्याचं साल घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या, आणि घडवणाऱ्या सुताराचं नाव कुणाला आठवत असेल तर ते सगळ्यांत आधी लिहा. चौकटीच्या मागच्या बाजूला, भिंतीत दडणाऱ्या अंगावर, पक्क्या रंगाने लिहा. मगच ती विका.