दाणावैरण

विश्वास पाटलांचे ‘पानिपत’ १९८८ साली आले. यंदा ते पुन्हा वाचताना मन लढाईपेक्षा रित्या चुलींपाशी अधिक रेंगाळले. दसऱ्याच्या सुमारास मराठे कुंजपुरा सर करतात, तिथले धान्य हाती लागते, छावणीत जरा जीव येतो. मग अब्दाली यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवतो आणि दोन-अडीच महिने सगळे जागच्या जागी अडकून पडतात. सोबत यात्रेकरू, बायकापोरे, बाजारबुणगे. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले नि रसदेचा मोठा आधारच तुटला. रात्री चाऱ्यालाकडासाठी बाहेर पडलेली माणसे अफगाण स्वारांच्या हाती सापडू लागली. घोडी खंगली. १४ जानेवारीला सैन्य खंदकाबाहेर पडले तेव्हा कित्येकांच्या पोटात धड अन्न नव्हते. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या चुका मोजणारे पुष्कळ आहेत. मला त्या सकाळी उपाशी पोटी घोड्यावर मांड टाकणारा बिननावाचा शिलेदार विसरता येत नाही.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वर माझा जीव आहे. माधवराव आणि रमाबाईंचे थेऊरचे शेवटचे दिवस वाचताना आजही डोळे भरून येतात. पण ती वाड्यातली कादंबरी. तिथे दुःख आहे, भूक नाही.

भूक भेटली ती सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये. शिकूनसवरून नोकरी न मिळालेला एकनाथ, वऱ्हाडातली शेती, डोक्यावरचे कर्ज. एवढ्यावर ही कादंबरी घरातल्या माणसांना एकमेकांवर कसे चिडायला लावते, ते पाहून मी हादरलो. धान्य पिकवणाऱ्याच्याच घरात ही ओढाताण!

आणि मग कृष्णात खोत यांचे ‘रिंगाण’. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी माझ्या मनातून उतरायला तयार नाही. धरणात गाव गेले, माणसे उठली, म्हशी मागे राहिल्या. त्यातल्या एका म्हशीच्या शोधात देवाप्पा पुन्हा त्या मुलखात जातो. गोठ्यातली म्हैस धन्याला पावलांवरून ओळखते. आंबोणाचे घमेले वाजले की कान टवकारते, ओळखीचा हात कासेला लागल्याखेरीज पान्हा सोडत नाही. असे जनावर रानटी होऊन माणसासमोर उभे ठाकते, तेव्हा विस्थापन म्हणजे काय ते अंगावर येते. पुनर्वसनाच्या कागदावर घरे मोजतात, झाडे मोजतात. या ओळखीला तिथे रकाना नाही. खोतांनी तो कादंबरीत उघडला, म्हणून मला ते मोठे लेखक वाटतात.

विश्वास पाटीलही ‘पानिपत’नंतर तीनच वर्षांत धरणग्रस्तांच्या ‘झाडाझडती’कडे वळले, याचे आता मला नवल वाटत नाही. खंदकाआड कोंडलेली छावणी आणि बुडितातून उठवलेले गाव, दोन्हींकडे प्रश्न दाणावैरणीचाच. कोणाच्या तरी निर्णयापायी तो ऐरणीवर येतो आणि निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तीला जेवायला न बसलेली माणसेच त्यात भरडली जातात.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीने राजे, सरदार, राण्या मन लावून रंगवल्या. फौजांना धान्य पुरवणारे लमाण, त्यांचे बैलांचे तांडे मात्र पानांच्या कडेने निघून जातात. गोणी लादलेला बैल वाटेत बसला तर ओझे कोण घेई? शत्रूच्या टापूतून तांडा कसा काढत? तान्ह्या पोरांना कुठल्या बैलावर बांधत? कोणीतरी जाणत्याने, शक्यतो त्या तांड्यातल्याच वंशजाने, ही कादंबरी लिहावी. मला ती वाचायची आहे.